साळिंदर पाण्यात का उतरते?



पाण्यात सहज वावरणारे प्राणी कोणते, असे कोणी विचारले तर कासव, बदक, पाणमांजर, म्हैस ही नावे आपल्या तोंडी ताबडतोब येतील. साळिंदराचे नाव मात्र बहुधा कोणीच घेणार नाही. साळिंदर, साळू किंवा सायाळ या नावांनी आपण ज्याला ओळखतो, तो प्राणी आपल्या मनात कोरड्या जमिनीशी जोडला गेलेला आहे. सह्याद्रीच्या कपारीत किंवा माळावरच्या बिळात दिवसभर दडून राहावे, रात्र पडली की बाहेर निघावे, कंदमुळे उकरावी, शेतातील रताळी आणि भुईमूग फस्त करावा आणि उजाडण्यापूर्वी बिळात परतावे, असा त्याचा जीवनक्रम. पुष्कळांनी तर हा प्राणी प्रत्यक्ष पाहिलेलाही नसतो. रानवाटेवर पडलेला त्याचा काळा-पांढरा काटा तेवढा पाहिलेला असतो. सीमंतोन्नयन संस्कारात गर्भवतीचा भांग काढण्यासाठी तीन पांढरे पट्टे असलेला साळूचा काटा घ्यावा असे गृह्यसूत्रांत सांगितले आहे, तेव्हा या काट्याची आपली ओळख फार जुनी आहे. परंतु हा काटा आणि पाणी यांचाही काही संबंध असेल, ही कल्पना आपल्या मनाला शिवत नाही.

हा संबंध पाहावयाचा असेल तर उत्तर अमेरिकेतील अरण्यांकडे वळले पाहिजे. तेथील साळिंदर उन्हाळ्याच्या दिवसांत तळ्यांत उतरते, संथपणे पोहत आत जाते आणि पाण्यावर पसरलेली पाने खाऊन पुन्हा काठावर येते. अंगावर हजारो काट्यांचे ओझे वागविणारा हा प्राणी बुडत कसा नाही, हा पहिला प्रश्न. आणि झाडावर राहणाऱ्या या प्राण्याला पाण्यात उतरण्याची गरजच काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पाठीवर आहे आणि दुसऱ्याचे त्याच्या रक्तात.

प्रथम त्याची थोडी ओळख करून घेऊ. आपले साळिंदर जमिनीवर राहणारे; अमेरिकेतील साळिंदर मुख्यतः वृक्षवासी आहे. अलास्का आणि कॅनडापासून दक्षिणेकडे मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत त्याचा आढळ आहे. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारणपणे ५ ते १४ किलोग्रॅमच्या दरम्यान असते. पाय आखूड, चाल डुलत डुलत आणि अतिशय संथ. बोटांना लांब वाकडी नखे आणि तळव्यांना खरबरीत कातडी असल्यामुळे झाडाचे खोड त्याला घट्ट धरता येते. त्याच्या अंगावर सुमारे ३०,००० काटे असतात असे सांगितले जाते. आपल्या साळिंदराचे काटे एक फूट किंवा त्याहूनही लांब असतात. याचे फार तर बोटभर लांब, आणि पुष्कळसे लांब केसांत लपलेले. चेहरा, पोट आणि पायांची आतली बाजू यांवर काटे नसतात. पाठ, कुशी आणि शेपूट एवढाच भाग चिलखताने झाकलेला असतो.

या काट्यांविषयी एक गैरसमज अडीच हजार वर्षांपासून चालत आलेला आहे. साळिंदर आपले काटे बाणासारखे फेकते, असे प्राचीन ग्रीकांपासून आपल्या खेड्यांतील शिकाऱ्यांपर्यंत अनेकांनी मानले. वस्तुतः कोणतेही साळिंदर काटे फेकीत नाही. काटा म्हणजे रूपांतर पावलेला केसच होय. तो कातडीत सैल बसलेला असतो आणि शत्रूचा स्पर्श होताच सुटून त्याच्या अंगात रुततो. अमेरिकन साळिंदराच्या काट्याच्या टोकाशी डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म आकडे असतात. अवघ्या ४ मिलिमीटर लांबीच्या टोकावर असे ७०० ते ८०० आकडे असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवून देण्यात आले. या आकड्यांमुळे काटा मांसात अधिक सहजपणे शिरतो, आणि बाहेर काढताना मात्र तो अडतो, असेही त्या प्रयोगांत आढळले. टोकाचे काम हे असे आहे. परंतु पाण्याशी ज्याचा संबंध आहे तो काट्याचा दांडा, आणि त्याची घडण टोकाहून अगदी निराळी आहे.

हा काटा मधोमध कापून भिंगाखाली धरला तर बाहेरची साल तेवढी टणक दिसते. ती साल आपल्या नखांसारख्याच द्रव्याची बनलेली असते. आत मात्र स्पंजासारखा भुसभुशीत गाभा असतो आणि त्या गाभ्यातील असंख्य लहान कप्प्यांत हवा कोंडलेली असते. लग्नातील बाशिंगे ज्या भेंडाची करतात ते भेंड हातात घेऊन पाहावे. आकाराने एवढे मोठे, पण वजन जवळजवळ नाहीच. काट्याचा गाभा साधारणतः याच प्रकारचा समजावा. बाहेर कडक साल आणि आत हलका गाभा, या रचनेमुळे काटा सहजासहजी वाकत नाही आणि तरीही जड होत नाही. निसर्गाने ही योजना बळकटीसाठी केलेली असावी. पण तिच्या पोटी दुसरा एक लाभ आपोआप पदरात पडला. आत हवा असलेली वस्तू पाण्यापेक्षा हलकी असते, आणि पाण्यापेक्षा हलकी वस्तू तरंगते.

साळिंदराच्या काट्याचा हा गुण माणसानेही हेरला होता. इंग्लंडमध्ये गळाने मासे पकडणारे लोक दोरीला एक तरंगती काडी बांधतात. मासा गळाला लागला की ती काडी पाण्यात ओढली जाते आणि काठावर बसलेल्या माणसाला इशारा मिळतो. या कामासाठी आफ्रिका-आशियातील साळिंदराचे काटे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. काटा सरळ, मजबूत, पाणी न शोषणारा आणि हलका. याहून सोयीची काडी त्यांना दुसरी कोणती मिळणार?

आता असे हजारो काटे एकाच प्राण्याच्या पाठीवर आहेत अशी कल्पना करावी. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळका भोपळा बांधीत असत. भोपळा मुलाला पोहायला शिकवीत नाही; तो फक्त त्याला बुडू देत नाही. हात-पाय मारण्याचे काम मुलालाच करावे लागते. साळिंदराचे काटे त्याच्यासाठी नेमके हेच करतात. पाण्यात शिरलेल्या साळिंदराची पाठ पाण्याच्या वर बरीच उचललेली दिसते, नाक आणि डोळे कोरडे राहतात आणि चारी पाय कुत्र्याच्या पोहण्याप्रमाणे आळीपाळीने पाणी मागे लोटीत असतात. त्याला वेग असा नाहीच. जमिनीवर जी संथ, निश्चिंत चाल, तीच पाण्यातही. पण दमछाक न होता तरंगत राहणे त्याला साधते, आणि तळ्यातील पानांपर्यंत पोहोचण्यास तेवढे पुरे होते.

याच तळ्यांत राहणाऱ्या बीव्हर नावाच्या प्राण्याशी तुलना केली म्हणजे साळिंदराच्या पोहण्याची मर्यादा लक्षात येते. बीव्हरही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्याच वर्गातला. परंतु त्याच्या मागच्या पायांच्या बोटांत पडदे आहेत, शेपूट सुकाणूसारखे चपटे आहे आणि पाण्याखाली बराच वेळ दम धरून तो काम करू शकतो. साळिंदराच्या ठिकाणी यातले काहीच नाही. बीव्हरचे घरच पाण्यात. साळिंदर पाण्यात येते ते पाहुणा म्हणून, पृष्ठभागावरच राहते आणि काम आटोपताच परत फिरते. साळिंदरांच्या इतर जातींत मात्र पाण्याशी अधिक जवळीक असलेल्याही काही आहेत. मध्य आफ्रिकेत आणि आपल्या ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणाऱ्या, शेपटीच्या टोकाला झुपका असलेल्या साळिंदरांच्या बोटांत थोडेसे पडदे असतात, आणि ती चांगली पोहतात.

काट्यांमुळे साळिंदर तरंगते हे ठीक. पण केवळ तरंगता येते म्हणून कोणी पाण्यात उतरत नाही. झाडावर सुरक्षित बसलेल्या प्राण्याने खाली उतरावे, उघड्या जागेतून तळ्याकाठी जावे आणि थंड पाण्यात शिरावे, याला काही बलवत्तर कारण असले पाहिजे. ते कारण म्हणजे मीठ.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजातील जीवशास्त्रज्ञ उल्डिस रोझ यांनी न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल पर्वतात या प्राण्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. साळिंदरांच्या गळ्यात लहान रेडिओ-प्रक्षेपक बांधून ते रात्री-अपरात्री त्यांच्या मागावर राहिले, आणि १९८९ साली त्यांनी या प्राण्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या अभ्यासातून जो उलगडा होतो तो असा. हिवाळ्यात सर्वत्र बर्फ पडलेले असताना साळिंदर झाडांची आतली साल आणि हेमलॉकसारख्या सूचिपर्णी वृक्षांची पाने खाऊन कसेबसे दिवस काढते. या निकस अन्नावर त्याचे वजन सारखे घटत जाते. वसंत ऋतू आला की कोवळ्या कळ्या आणि पाने फुटतात आणि उपाशी प्राण्याची चंगळ होते. पण या मेजवानीतच एक संकट दडलेले असते. कोवळ्या पानांत पोटॅशिअम भरपूर असते आणि सोडिअम, म्हणजे ज्याच्यासाठी आपण जेवणात मीठ घालतो ते मूलद्रव्य, नाममात्र असते. शरीराला दोन्हींची गरज आहे. पण त्यांचे प्रमाण राखले गेले पाहिजे. पोटॅशिअम अतिरिक्त झाले की मूत्रपिंडांना ते बाहेर टाकावे लागते, आणि ते टाकताना शरीरातील सोडिअमही थोडेथोडे निघून जाते. म्हणजे भरल्या पोटीही शरीर आतून रिते होत जाते. सोडिअमवाचून मज्जातंतूंचे संदेश वाहत नाहीत, स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत, रक्तातील द्रवाचे प्रमाण टिकत नाही. तेव्हा साळिंदराला मिठाचा शोध घेणे भागच पडते.

समुद्रापासून दूर, डोंगराळ अरण्यात मीठ मिळणार कोठे? जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. पाण्यात वाढणाऱ्या काही वनस्पती मात्र सोडिअम आपल्यात साठवितात; जमिनीवरील झाडांच्या पानांपेक्षा त्यांच्यात ते कित्येक पटींनी अधिक असते. तळ्यांतील पिवळी पाणकमळे आणि बाणाच्या टोकासारखी पाने असलेली एक पाणवनस्पती या त्यांपैकीच होत. साळिंदर पोहत जाऊन नेमकी हीच पाने खाते. ही ओढ एकट्या साळिंदराचीच आहे असेही नाही. सुपीरिअर सरोवरातील आइल रॉयल नावाच्या बेटावर मूस या प्रचंड हरणाचे वास्तव्य आहे. तेही उन्हाळ्यात पाण्यात मान घालून पाणवनस्पती खात उभे राहते, आणि त्या बेटावरील सोडिअमचा हिशेब मांडणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९७३ साली दाखवून दिले की, त्याला लागणाऱ्या सोडिअमचा मोठा वाटा या पाणवनस्पतींतूनच येतो. टनाच्या हिशेबात मोजावे असे हरीण आणि मांजरापेक्षा थोडे मोठे साळिंदर एकाच तळ्यावर एकाच गरजेने येतात.

ही गरज माद्यांना विशेष जाणवते. साळिंदराची मादी वर्षाला एकच पिल्लू देते आणि ते सुमारे सात महिने पोटात वाढविते. जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर काटे असतातच. ते प्रथम मऊ असतात आणि काही तासांत कडक होतात. गर्भासाठी आणि पुढे दुधासाठी सोडिअम लागते, आणि ते आईच्याच शरीरातून जाते. आपल्याकडे शेतकरी दुभत्या गाई-म्हशींना मुद्दाम मीठ चारतो, त्यामागेही हेच कारण आहे. पाळीव जनावराची काळजी वाहणारा धनी असतो. रानातल्या मादीला आपली तजवीज आपणच करावी लागते.

मिठाची ही भूक केवळ तळ्यापाशी थांबत नाही, आणि येथेच साळिंदराचा माणसाशी कलह सुरू होतो. कुऱ्हाडीच्या दांड्यावर, होडीच्या वल्ह्यावर माणसाच्या हाताचा घाम मुरलेला असतो, आणि घामात मीठ असते. साळिंदर रात्री येऊन दांडा आणि वल्हे कुरतडते. प्लायवुडच्या चिकट द्रव्यात सोडिअमची संयुगे असतात, म्हणून ते अरण्यातील झोपड्यांच्या भिंती कुरतडते. हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून अमेरिकेत आणि कॅनडात रस्त्यांवर मीठ पसरतात. ते मीठ रस्त्याच्या कडेला आणि मोटारींच्या चाकांना चिकटून राहते. साळिंदर त्याच्या वासाने रस्त्यावर येते. शत्रू समोर आला तर पळावयाचे नाही, पाठ फिरवून काटे उभारावयाचे, हा त्याच्या जातीचा युगानुयुगांचा धडा. लांडग्यापुढे तो उपयोगी पडतो. मोटारीपुढे तो प्राणघातक ठरतो, आणि असंख्य साळिंदरे रस्त्यावर चिरडून मरतात. तळ्यातील मीठ घेण्यासाठी पोहून जाणारा प्राणी सुखरूप परततो, आणि माणसाने वाटेवर सांडलेले मीठ घेण्यासाठी आलेला परतत नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे.

झाडांची साल खाऊन साळिंदर जंगलाचे नुकसान करते म्हणून एके काळी त्याला मारण्याबद्दल अमेरिकेतील काही राज्यांत इनाम दिले जाई. व्हरमाँट राज्याने दुसरा एक उपाय योजला. फिशर नावाचा एक चपळ मांसाहारी प्राणी साळिंदराच्या चेहऱ्यावर, म्हणजे जेथे काटे नाहीत तेथेच, वारंवार हल्ला करून त्याला मारतो. कातड्यासाठी झालेली शिकार आणि जंगलतोड यांमुळे हा प्राणी तेथून नाहीसा झाला होता आणि साळिंदरे वाढली होती. १९५९ ते १९६७ या काळात मेन राज्यातून फिशर आणून व्हरमाँटच्या अरण्यात सोडण्यात आले. ते तेथे रुजले. एका प्राण्याला हटविले की दुसरा वाढतो आणि मग पहिल्याला सन्मानाने परत आणावे लागते, हा धडा त्या राज्याने असा घेतला. गंमत अशी की, फिशर या नावाचा अर्थ कोळी, म्हणजे मासे धरणारा. पण हा प्राणी मासे क्वचितच खातो, आणि ज्याचा पाण्याशी संबंध नाही असे आपण समजत होतो ते साळिंदर मात्र तळ्यात पोहते.

साळिंदराचा पाण्याशी आणखीही एक संबंध आहे, आणि तो फार पुरातन आहे. अमेरिकेतील साळिंदर आणि आपले साळिंदर ही सख्खी भावंडे नव्हेत. दोघांची कुळे वेगळी. अमेरिकन साळिंदर हे गिनीपिग आणि कॅपिबारा या दक्षिण अमेरिकेतील प्राण्यांना अधिक जवळचे आहे. काटे या दोन कुळांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाले. मग या अमेरिकन शाखेचे पूर्वज आले कोठून? बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते ते आफ्रिकेतून आले, आणि तेही अटलांटिक महासागर ओलांडून. साडेतीन ते चार कोटी वर्षांपूर्वी हा महासागर आजच्यापेक्षा अरुंद होता. पुराने उन्मळलेली झाडे आणि वेली यांचे तराफे नदीतून समुद्रात वाहत जात, आणि अशाच एखाद्या तराफ्यावर अडकलेले लहान कुरतडणारे प्राणी पलीकडच्या किनाऱ्याला लागले असावेत. पेरू देशात सापडलेले त्या प्राचीन काळातील दातांचे जीवाश्म आफ्रिकेतील नमुन्यांशी मिळतेजुळते आहेत. ते प्राणी पोहत गेले नाहीत. प्रवाहाने त्यांना नेले. पुढे सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी तयार होऊन दोन्ही अमेरिका जोडल्या गेल्या, तेव्हा साळिंदराचे पूर्वज उत्तरेकडे सरकले आणि बर्फाळ अरण्यांपर्यंत पोहोचले. दक्षिणेकडून उत्तरेत जाऊन टिकून राहिलेल्या थोड्या सस्तन प्राण्यांत साळिंदराची गणना होते.

आपल्या साळिंदराला मिठासाठी तळी धुंडाळावी लागतात की नाही, यापेक्षा त्याची दुसरी एक सवय येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्या बिळाच्या तोंडाशी पुष्कळदा जनावरांची हाडे पडलेली आढळतात. त्यावरून कोणी त्याला मांसाहारी समजतात. खरे पाहता ते हाडे कुरतडते ती त्यांतील चुन्यासाठी आणि स्फुरदासाठी. अमेरिकेतील साळिंदराला पानांतून मीठ मिळत नाही म्हणून ते पोहते. आपल्या साळिंदराला कंदमुळांतून जे पुरेसे मिळत नाही त्यासाठी ते हाडे गोळा करते. दोघांच्याही वागण्याचा उलगडा त्यांच्या अन्नातील उणिवेत सापडतो.

शेतात साळिंदराचा उपद्रव होतो, हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही, आणि त्या नुकसानीची भरपाई कौतुकाच्या शब्दांनी होत नाही. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला प्रतिबंध केलेला असूनही, मांसासाठी आणि काट्यांसाठी त्याला आजही बिळात कोंडून मारले जाते. त्याच्या बिळाशी हाडे दिसली म्हणून त्याला क्रूर ठरवावे, किंवा कुऱ्हाडीचा दांडा कुरतडला म्हणून द्वाड ठरवावे, याआधी त्याला कशाची वाण पडली आहे हे विचारणे अधिक फलदायी असते. अमेरिकेतील तळ्यात पाठ वर काढून संथपणे पोहणाऱ्या त्या प्राण्याकडे पाहून शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न विचारला, आणि त्यातून केवळ साळिंदराचेच नव्हे, तर पान, पाणी, मीठ आणि रक्त यांचे नातेही उलगडले. आपल्या रानातील साळिंदराविषयी असे अनेक प्रश्न अजून विचारावयाचे राहिले आहेत. रात्री जागून, धीर धरून त्याच्या वाटेवर बसणारे कोणी तरुण अभ्यासक आपल्यातही निघाले पाहिजेत.